प्रकाशाची पारख करणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन

स्मरणिकेत दरवर्षी एक चरित्रलेख असावा अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. संत झाले, समाजसुधारक झाले. यंदा एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र द्यावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी रामन यांचे नाव सुचविले तेव्हा एका तरुण भगिनीने लागलीच हरकत घेतली. ज्यांनी कमला भागवत या मराठी मुलीला मुलगी म्हणून संस्थेत घ्यावयाचे नाकारले, त्यांचे चरित्र महिला मंडळाने का छापावे, असे तिचे म्हणणे. हरकत वाजवी होती. तरीही मी हा विषय सोडला नाही, कारण ती हकीकतही या चरित्राचाच भाग आहे आणि ती वगळून रामन यांच्याविषयी लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर हे गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांना विशाखापट्टणच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब तेथे गेले. घरात पुस्तके होती व संगीत होते. मुलगा अंगाने किरकोळ, पण बुद्धीने असा की अकराव्या वर्षी मॅट्रिक झाला. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली बी.ए. आणि १९०७ साली एम.ए. ही परीक्षा तो पहिल्या क्रमांकाने उतरला. दरम्यान, १९०६ साली, विद्यार्थिदशेतच, त्याचा प्रकाशाविषयीचा एक निबंध लंडनच्या एका मान्यवर शास्त्रीय मासिकात छापून आला. उच्च शिक्षणासाठी विलायतेस जावयाचे, तर सिव्हिल सर्जनने प्रकृती तेथील हवेस टिकणार नाही असा अभिप्राय दिला. तेव्हा हिंदुस्थानात विज्ञानावर पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. म्हणून रामन अर्थखात्याच्या परीक्षेला बसले, तीतही पहिले आले आणि एकोणिसावे वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा कलकत्त्यास असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले.

त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. पत्नी लोकसुंदरी वीणा उत्तम वाजवीत, आणि रामन यांनी त्यांना स्वतः पसंत केले होते. वडीलधाऱ्यांनी सर्व ठरवावयाचे त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. वीणेचे नाव मी मुद्दाम काढले आहे. तारा, कंप आणि नाद यांचे वेड त्या घरात दोघांनाही होते, आणि ते वेड या चरित्रात पुढे उपयोगी पडणार आहे.

कलकत्त्यास कचेरीतून ट्रामने जाता-येता रामन यांना बौबाजार स्ट्रीटवर एक पाटी दिसली: इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांकडून वर्गण्या जमवून ही संस्था काढली होती; पण संशोधन करणारा कोणी नसल्याने प्रयोगशाळा ओस पडली होती. रामन यांनी दार ठोठावले. आशुतोष डे या गृहस्थांनी ते उघडले, आणि पुढे पंचवीस वर्षे ते रामन यांचे प्रयोगातील उजवे हात होऊन राहिले. पहाटे प्रयोगशाळा, दिवसभर कचेरी, संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा प्रयोगशाळा, असा क्रम दहा वर्षे चालला. मधे १९०९ साली रंगून व १९१० साली आपल्या नागपुरास बदली झाली, तेव्हा त्यांनी राहत्या घरातच उपकरणे मांडून काम चालू ठेवले. या काळात लोकसुंदरीबाईंचे दिवस कसे गेले असतील याचा अंदाज आपणांपैकी पुष्कळजणींना सांगावा लागणार नाही.

१९१७ साली सर आशुतोष मुकर्जींनी कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकाची जागा देऊ केली. पगार सरकारी नोकरीपेक्षा बराच कमी होता, तरी रामन यांनी ती पत्करली. याच सुमारास ते मृदंग आणि तबल्याचा अभ्यास करीत होते. साध्या ढोलाचा आवाज बेसूर का लागतो आणि तबल्याचा सुरात का येतो? रामन यांनी दाखविले की चामड्याच्या मधोमध शाईचा थर थापल्यामुळे त्याचे निरनिराळे कंप एकमेकांशी सुरेल नात्यात बसतात. १९२० साली हे काम प्रसिद्ध झाले. आपल्या कारागिरांना जे हाताने ठाऊक होते त्याचे कारण त्यांनी मांडले, एवढेच. पण ते मांडावे असे वाटण्यालाही दृष्टी लागते.

आता समुद्राची गोष्ट. १९२१ साली विद्यापीठांच्या परिषदेसाठी रामन विलायतेस गेले आणि परतताना नारकुंडा या बोटीवर होते. भूमध्य समुद्राचा गर्द निळा रंग पाहून ते डेकवर तासन्‌तास उभे राहत. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे तेव्हा मोठमोठे पंडित मानीत. रामन यांच्या खिशात निकोल प्रिझम नावाचा एक स्फटिक होता. योग्य कोनातून त्यातून पाहिले असता पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तन पावलेला प्रकाश नाहीसा होतो. त्यांनी तसे पाहिले, तर प्रतिबिंब गेले पण निळा रंग राहिला, इतकेच नव्हे तर अधिक गडद झाला. म्हणजे तो रंग पाण्याच्या पोटातून येत होता. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि त्याचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, त्याचा तो परिणाम. रामन यांनी बोटीवरच टिपण लिहिले, आणि लंडनच्या 'नेचर'कडे गेलेल्या त्या पत्रावर मुंबई बंदर व २६ सप्टेंबर १९२१ अशी नोंद आहे. आपल्याकडच्या बायका कधीमधी गेटवेला फिरावयास जातात. त्याच पाण्यावर उभ्या असलेल्या बोटीतून पुढच्या मोठ्या शोधाचा आरंभ पोस्टात पडला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

पाण्याच्या रंगावरून त्याच्या पोटात काय आहे हे ताडणे विठ्ठलवाडीकरांना नवे नाही. वालधुनीचा बदलता रंग आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. मात्र डोळा केवळ रंग सांगतो, पदार्थाचे नाव सांगत नाही. ते नाव प्रकाशाकडून काढून घेण्याची युक्ती रामन यांनी शोधली.

कलकत्त्यास परतल्यावर रामन व त्यांचे विद्यार्थी निरनिराळ्या द्रवांतून प्रकाश कसा विखुरतो हे तपासू लागले. १९२३ साली रामनाथन या विद्यार्थ्याला विखुरलेल्या प्रकाशात एक मंद, परका रंग आढळला. द्रवात मळ असेल, असे वाटून त्याने तो पुनःपुन्हा शुद्ध केला, तरी रंग गेला नाही. पुढे के. एस. कृष्णन हे या कामावर आले. त्यांची प्रयोगाची मांडणी अशी होती, की आपल्यापैकी कोणालाही कळावी. आरशाने व दुर्बिणीच्या मोठ्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटावयाचा. वाटेत जांभळी-निळी काच ठेवावयाची, म्हणजे द्रवात तेवढाच रंग शिरेल. पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे उलट रंगाची, हिरवट-पिवळी काच ठेवावयाची. जांभळा प्रकाश या दुसऱ्या काचेतून पार होऊ शकत नाही, म्हणून अंधार दिसावयास हवा. पण द्रवातून विखुरलेला प्रकाश या काचेतूनही अंधुक दिसे! याचा अर्थ, द्रवात शिरताना जो रंग नव्हता तो बाहेर येताना त्यात होता. त्यांनी साठाच्या वर द्रव तपासले आणि सर्वांत तेच दिसले.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांनी या प्रकाशाकडे वर्णपटदर्शकातून पाहिले. वर्णपटदर्शक म्हणजे प्रकाशातील रंग वेगवेगळे करून ओळीने मांडणारे साधन. मूळ रंगाची पट्टी एकीकडे, मधे काळोख, आणि पलीकडे नव्या रंगाची फिकट पट्टी, असे स्वच्छ दिसले. सूर्याऐवजी पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावल्यावर तर पट्ट्यांच्या जागी रेखीव रेघा आल्या. सगळ्या सामग्रीचा खर्च काही शे रुपये. १६ मार्च रोजी बंगलोरच्या सभेत रामन यांनी हा शोध जाहीर केला. मॉस्कोत लँड्सबर्ग व मांडेलस्टाम यांनाही स्फटिकांत हाच चमत्कार दिसला होता, पण त्यांचे लिखाण नंतर प्रसिद्ध झाले.

हा चमत्कार नेमका काय, ते सांगावयाचा मी प्रयत्न करते. मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. पक्के असेल तर खणखणते, तडा गेला असेल तर बद्द वाजते. डोळ्याला न दिसणारे कान सांगतो. रामन यांनी प्रकाशाने रेणू वाजवून पाहिले. प्रत्येक पदार्थाचे रेणू आपल्या विशिष्ट गतीने कंप पावत असतात. प्रकाश त्यांच्यावर आदळतो तेव्हा बहुतेक सगळा होता तसाच परत फिरतो. पण कोटीत एखादा कण थोडी शक्ती रेणूला देऊन किंवा त्याच्याकडून घेऊन येतो आणि त्यामुळे त्याचा रंग किंचित बदलतो. किती बदलला हे त्या रेणूच्या कंपावर अवलंबून. म्हणून पाण्याच्या रेघा वेगळ्या, बेंझिनच्या वेगळ्या, हिऱ्याच्या वेगळ्या. रेघा वाचल्या की पदार्थ कळला. तो फोडावा लागत नाही, जाळावा लागत नाही, आम्लात घालावा लागत नाही.

१९२९ साली त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि १९३० सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक. ते आपल्यालाच मिळणार याची त्यांना इतकी खात्री होती की निकाल नोव्हेंबरात असताना त्यांनी जुलैतच बोटीची तिकिटे काढून ठेविली. याला आत्मविश्वास म्हणावा की अहंकार, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते. पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. कृष्णन यांचे नाव पहिल्या निवेदनावर त्यांच्याबरोबर होते, आणि त्यांचा वाटा सामान्यांपर्यंत पोहोचावा तितका पोहोचला नाही, असे माझे मत आहे.

१९३३ साली रामन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. आणि त्याच वर्षी त्यांच्या कचेरीत कमला भागवत यांचा अर्ज आला.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायन हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन त्या उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या होत्या. अर्ज नामंजूर झाला. गुण कमी म्हणून नव्हे, तर स्त्रिया संशोधनास योग्य नाहीत अशी रामन यांची समजूत होती म्हणून. कमलाबाई घरी बसल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या, संचालकांना जाब विचारला आणि त्यांच्या कचेरीपुढे सत्याग्रह केला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तितके, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावे लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. शेवटची अट वाचून आजही अंगाचा तिळपापड होतो. बिघडण्याची भीती ज्यांच्या मनात, निर्बंध त्यांच्यावर नव्हता. तो एकट्या मुलीवर होता.

कमलाबाईंनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांची खात्री पटली, त्यांना नियमित केले गेले आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी बटाट्यासारख्या वनस्पतींवर काम केले आणि प्राण्यांच्या पेशींत श्वसनाचे काम करणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींतही आहे हे दाखविले. येथे एक गंमत नमूद करते. सायटोक्रोम ओळखतात तेही वर्णपटदर्शकाने. त्या द्रव्यातून प्रकाश सोडला की रंगांच्या ओळीत, हिरव्या भागात, एक ठळक काळी पट्टी उमटते. ज्या साधनाने रामन जगप्रसिद्ध झाले, त्याच साधनाच्या विद्येत त्यांनी नाकारलेल्या मुलीचे नाव नोंदले गेले. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या आपल्या देशातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९४७ साली लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या व मुंबईस आल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर काम केले आणि पुढे त्या तेथील संचालकही झाल्या. पण ते पद त्यांना हक्काच्या वेळेनंतर कित्येक वर्षांनी मिळाले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

रामन बदलले का? काहीसे बदलले. पुढे त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत मुली आल्या. १९४० साली त्रावणकोरच्या अण्णा मणी आल्या. या बाईंची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या घरी मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या करण्याची चाल होती. अण्णाने कुड्या नकोत, त्याऐवजी ज्ञानकोश द्या असे सांगितले. आणि पुढे बंगलोरला तिच्या वाट्याला काम आले ते हिऱ्यांचेच! रामन यांना हिऱ्यांचे अपार वेड; त्यांचा संग्रह मोठा होता. अण्णा मणींनी तीसांहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट घेतले. प्रकाश इतका मंद असे की एका फोटोच्या काचेला पंधरा-वीस तास उघडे ठेवावे लागे, आणि त्या रात्री प्रयोगशाळेतच निजत. मात्र रामन यांच्या त्या प्रयोगशाळेत मुलगे व मुली यांनी आपसांत बोलणेही त्यांना खपत नसे. बरोबरीच्यांशी शास्त्रार्थ करीत शिकण्याची जी संधी मुलग्यांना होती, ती मुलींना नव्हती. दार उघडले होते, पण उंबरठा तेवढाच उंच होता.

रामन यांच्या उत्तरायुष्याविषयी थोडक्यात सांगते. संस्थेच्या कारभारातील वादांमुळे १९३७ साली त्यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तेथे होते. त्या वर्षी त्यांनी बंगलोरलाच स्वतःची रामन संशोधन संस्था सुरू केली आणि सरकारी मदतीची ओशाळगत नको म्हणून ती देणग्यांवर चालविली. १९५४ साली त्यांना भारतरत्न मिळाले. शाळेतील मुले आली की स्वभावाने इतके तापट असलेले हे गृहस्थ विरघळत. रत्ने, खनिजे, शिंपले, फुलपाखरे यांचा आपला संग्रह ते मुलांना स्वतः हिंडून दाखवीत व हा रंग कोठून आला, असे विचारीत.

१९६० साली लेझरचा शोध लागला आणि रामन यांच्या शोधाला जणू पुनर्जन्म मिळाला. पूर्वी तासन्‌तास लागत ते काम क्षणांत होऊ लागले. औषधाच्या कारखान्यात आलेला कच्चा माल आता पारदर्शक पिशवी न उघडता हातातल्या यंत्राने तपासतात. जुन्या चित्रातील रंग कोणत्या मातीचा किंवा धातूचा, हे चित्राला नख न लावता कळते. हळदीत मेटॅनिल यलो हा विषारी रंग मिसळला आहे का, हे शोधण्यासाठीही ही रीत वापरून पाहिली गेली आहे. हिरा खरा की काच, हे तर एका रेघेवरून सांगता येते. आपल्या पट्ट्यात, अंबरनाथ-उल्हासनगरकडे, कित्येक घरची मुले-मुली कारखान्यांच्या तपासणी खोलीत काम करतात. त्यांच्या बोलण्यात रामन हे नाव यंत्राचे म्हणून येते. ते माणसाचे होते हे एखादीला घरी सांगून पाहावे.

२८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रामन स्वतः २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे वारले. कसलाही समारंभ न करता, संस्थेच्या बागेतच अंत्यसंस्कार व्हावे अशी त्यांची इच्छा होती. तसे झाले व त्या जागी एक झाड लावले गेले.

अण्णा मणी यांनी १९४५ साली हिऱ्यांवरचा आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे दिला होता. त्यांच्याजवळ एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणास्तव विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. त्या विलायतेस गेल्या, हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ साली आपल्या पुण्याच्या हवामानखात्यात रुजू झाल्या. उपकरणे परदेशातून आणण्याऐवजी येथेच बनावीत म्हणून त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे नकाशे तयार करवून घेतले. २००१ साली त्या वारल्या. पदवी न मिळालेला त्यांचा तो प्रबंध बंगलोरच्या रामन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. पदवी मिळालेल्या इतर प्रबंधांसारखीच त्याची बांधणी आहे, आणि कपाटात तो त्यांच्याच ओळीत उभा आहे.